आईचा डेक्सा: मशीन बदललं आणि हाडं १५ टक्क्यांनी वाढली?

चिंचगुळ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

आईचा (वय ७०) पहिला डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारा एक्स-रे, मे २०२१ मध्ये झाला. कमरेच्या मणक्याचा बीएमडी (हाडाच्या दर चौरस सेंटिमीटरमागे किती ग्रॅम खनिज) ०.७४२, टी-स्कोअर (तरुण हाडांशी तुलना, शून्याच्या जितका खाली तितकं वाईट) उणे २.८. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायची अलेन्ड्रोनेटची (हाडांची झीज रोखणारी) गोळी, शिवाय कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सुरू केलं. परवा दुसरा डेक्सा केला. पहिलं सेंटर मधल्या काळात बंद पडलं, म्हणून घराजवळ नवीन उघडलंय तिथे गेलो. चकाचक मशीन, आई झोपली काय आणि उठली काय, आणि लाल-पिवळ्या-हिरव्या पट्ट्यांचा देखणा रिपोर्ट. बीएमडी ०.८५१!

रिक्षातच मोबाइलवर गणित केलं. जवळजवळ १५ टक्के वाढ. आईने संध्याकाळी मजल्यावरच्या चारही घरांत पेढे वाटले आणि वर "मी कधी गोळी चुकवली नाही" हेही ऐकवून आली.

काल डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, खालच्या कोपऱ्यातलं काहीतरी बारीक अक्षर वाचलं आणि म्हणाले, "हे दोन एकमेकांशी लावून बघता येणार नाहीत. मशीन वेगळं आहे." बाहेर पेशंट ताटकळत होते, त्यामुळे पुढचं विचारायचं राहिलं. घरी येऊन पाहिलं तर जुन्या कागदावर मशीनची कंपनी होलॉजिक आहे आणि नव्यावर ल्युनार.

माझा प्रश्न साधा आहे. किलो म्हणजे किलो, तसं ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे तेवढंच ना? आणि दुसरं कोडं: बीएमडी १५ टक्के वाढला, पण टी-स्कोअर उणे २.८ वरून फक्त उणे २.७ झालाय. हे कसं?

रविवारचा_पेपर

डेक्सा तरी खरं मशीन. आमच्या सोसायटीच्या गणपतीत दोन वर्षांपूर्वी 'मोफत हाडांची तपासणी' होती. डब्याएवढ्या यंत्रात टाच ठेवायची, जेल लावायचं, दोन मिनिटांत चिठ्ठी. माझा टी-स्कोअर उणे ३.१! शेजारच्याच टेबलावर कॅल्शियमचे डबे, दोनावर एक मोफत. बायकोने त्या दिवसापासून मला जड पिशवी उचलू दिली नाही. (तक्रार नाही.) महिन्याने डेक्सा केला तर उणे ०.९.

वाचतोय. जाणकार येतीलच.

फिल्मवाला

चिंचगुळताई, तुमच्या डॉक्टरांनी कोपऱ्यातलं बारीक अक्षर वाचलं, तिथेच त्यांना माझा नमस्कार. निम्मे लोक फक्त लाल-हिरवा रंग बघतात.

मी एक्स-रे तंत्रज्ञ, आता निवृत्त. १९९४ ते २०१९ डेक्सावर हात चालवला, त्यातली पहिली अकरा वर्षं मस्कतला. आधी पेपरवाल्यांचं उरकतो. टाचेचं यंत्र अल्ट्रासाउंडचं. ते हाडातून ध्वनी किती वेगाने जातो आणि किती शोषला जातो ते बघतं, हाडातलं खनिज मोजत नाही. उणे २.५ ची जी रेघ (तिथून खाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ) जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये आखली, ती डेक्साच्या आकड्यांसाठी आहे. टाचेच्या चिठ्ठीला ती लावायची म्हणजे तापमापकाला रक्तदाबाचे निकष लावायचे.

आता तुमचा किलो. भाजीवाल्याचे दोन काटे एकाच वजनाने पासिंग झालेले असतात, म्हणून किलो म्हणजे किलो. डेक्साच्या दोन कंपन्यांनी मात्र पहिल्या दिवसापासून आपापली वजनं वापरली. रोज सकाळी मशीनवर जो नकली मणका ठेवून तपासणी करतात (आम्ही त्याला फँटम म्हणतो), तो होलॉजिकचा हायड्रॉक्सीॲपेटाइटचा आणि ल्युनारचा ॲल्युमिनियमचा. हाडाची कड कुठे संपली आणि मांस कुठे सुरू झालं, हे ठरवायची दोघांची रीतही वेगळी. खुब्याच्या मानेवर जी चौकट टाकतात तिची जागासुद्धा वेगळी: ल्युनार मानेच्या सगळ्यात निमुळत्या भागात टाकतं, होलॉजिक जरा खाली, मोठ्या उंचवट्याला चिकटून. एकच बाई सकाळी या मशीनवर आणि दुपारी त्या मशीनवर झोपवली तर मणक्यात बारा-तेरा टक्क्यांचा फरक पडतो, ल्युनारवर जास्त. तुमचे १५ टक्के बहुतेक तिथेच गेले.

जेवून येतो, मग मशीनच्या पिढ्यांचं लिहितो.

अणुरेणू

फिल्मवाले काका जेवतायत तोवर कोड्याचा दुसरा भाग सोडवतो.

टी-स्कोअर म्हणजे तुमचा आकडा तरुण निरोगी बाईच्या सरासरीपेक्षा किती प्रमाण विचलनांनी खाली किंवा वर आहे ते. ही तरुण बाई प्रत्येक कंपनीच्या पोटात वेगळी बसलेली आहे. कमरेच्या पहिल्या ते चौथ्या मणक्याचा तिचा बीएमडी होलॉजिकच्या पट्टीवर १.०४७, ल्युनारच्या पट्टीवर १.१८. म्हणजे आईचा आकडा वर सरकला तशी तुलनेची बाईसुद्धा वर सरकली. म्हणून टी-स्कोअर जागच्या जागी.

१९९४ मध्ये १०० बायकांना तीन कंपन्यांच्या मशीनवर मोजून या पट्ट्या एकमेकींना जोडायची सूत्रं काढली गेली. मणक्यासाठी होलॉजिकच्या आकड्याला १०७५.५ ने गुणायचं, ल्युनारच्या आकड्याला ९५२.२ ने. येणारा आकडा मिलिग्रॅममध्ये, त्याला 'प्रमाणित बीएमडी' म्हणतात. आईचं करून बघू:

०.७४२ × १०७५.५ = ७९८
०.८५१ × ९५२.२ = ८१०

वाढ दीड टक्का. पेढ्यांचं बघा काय ते :)

चिंचगुळ

@अणुरेणू, पेढे खाऊन संपले. दीड टक्का तर दीड टक्का, वाढ तर आहे ना?

फिल्मवाला

आलो. अणुरेणूंचं गणित बरोबर, पण त्या दीड टक्क्यावर आज तरी मुद्दल लावू नका. ती सूत्रं शंभर जणींच्या सरासरीची आहेत. एकट्या माणसाला लावली तर काही टक्के इकडेतिकडे सहज होतं. आकड्यांचा अंदाज यायला ठीक, गोळी चालू की बंद ठरवायला नाही.

एकाच मशीनवर, एकाच तंत्रज्ञाने, एकाच दिवशी त्याच माणसाला उठवून पुन्हा झोपवलं तरी आकडा तंतोतंत तोच येत नाही. म्हणून प्रत्येक सेंटरने आपली चूक मोजून ठेवायची असते: १५ माणसांना तीन-तीनदा किंवा ३० जणांना दोन-दोनदा. त्यातून निघालेल्या चुकीला २.७७ ने गुणलं की 'एलएससी' मिळतो, म्हणजे ज्याच्या खालच्या फरकाला फरक म्हणायचंच नाही तो आकडा. मणक्यासाठी तंत्रज्ञाची चूक फार तर १.९ टक्के चालते, म्हणजे एलएससी ५.३. एकाच मशीनवरसुद्धा दीड टक्का म्हणजे हवेतला बार. पुढच्या वेळी रिसेप्शनवर "तुमचा एलएससी किती?" असं विचारून बघा. आत जाऊन कोणी कागद घेऊन आलं तर सेंटर चांगलं.

आता पिढ्या. मी शिकलो तो पेन्सिल बीमवर. नावाप्रमाणे एक्स-रेचा बारीक झोत, आणि तो शेतात औत फिरावं तसा फिरायचा: एक ओळ डावीकडून उजवीकडे, वळायचं, पुढची ओळ उजवीकडून डावीकडे. मणक्याला पाच ते दहा मिनिटं. तेवढ्यात म्हातारी माणसं झोपून जायची, एखादी दचकून हलली की चित्रात मणका मध्येच मोडल्यासारखा दिसायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. पण झोत बारीक आणि सरळ, त्यामुळे मापात वाकडेपणा नाही.

नंतर फॅन बीम आला. झोत पंख्यासारखा पसरलेला, समोर एकाऐवजी डिटेक्टरची रांग. मिनिटभरात मणका. चित्र इतकं स्वच्छ की बाजूने घेतलं तर दबलेला मणकाही ओळखू येतो. पण समईसमोर हात धरला तर भिंतीवरची सावली मोठी होते ना, तसं इथेही होतं. ट्यूब टेबलाखाली असते. पोट सुटलेल्या माणसाचं हाड टेबलापासून उंचावर राहतं आणि सावली बदलते. क्षेत्रफळ आणि खनिजाचं वजन दोन्ही बदलतात. भागाकारात बरंचसं फिटतं, सगळं नाही. ल्युनारने नंतर झोत अरुंद ठेवून एकावर एक पट्टे जोडायची युक्ती काढली, ती प्रॉडिजी आणि आयडेक्सा या मशीनमध्ये.

मस्कतला पेन्सिल काढून फॅन आलं तेव्हा कंपनी तीच होती, तरी आमच्या साहेबांनी जुनं मशीन लगेच उचलू दिलं नाही. अशा बदलात नियम असा: त्याच ३० माणसांना जुन्यावर एकदा आणि नव्यावर दोनदा मोजायचं, ६० दिवसांच्या आत, आणि दोन्हींतलं नातं काढायचं. माणसं आणायची कुठून? तीन मल्याळी नर्सेसनी आपल्या सासवा आणल्या, मी माझ्या हिला झोपवलं. अठ्ठावन्नाव्या दिवशी तिसावा माणूस मिळाला. आता सांगा, तुमचं जुनं सेंटर बंद पडलं आणि नवं दुसऱ्याच माणसाचं. तिथे हे कोण करणार? म्हणून डॉक्टर म्हणाले ते बरोबर. नवा रिपोर्ट ही नवी पाटी. पुढचा याच मशीनवर करा.

सरळसोट

म्हणजे सगळा धंदाच. दर पाच वर्षांनी नवं मशीन आणायचं, जुना रिपोर्ट रद्दी करायचा आणि पेशंटने पुन्हा पैसे मोजायचे.

फिल्मवाला

@सरळसोट, राग समजतो, पण रद्दी झाला असं कुणी म्हटलं? २०२१ ला उणे २.८ होता, त्यावरून औषध सुरू झालं, तो निर्णय आजही पक्का आहे. दोन कागदांची वजाबाकी करता येत नाही, एवढंच. जुनं मशीन कायम ठेवावं म्हणाल तर डिटेक्टर आणि ट्यूब म्हातारी होतात, सुटे भाग मिळत नाहीत.

ताई, एक काम करा. नव्या रिपोर्टमध्ये प्रत्येक मणक्याचा वेगळा टी-स्कोअर असतो. चारही टाका इथे. जुन्यातलेही.

अणुरेणू

तोवर जरा अवांतर, कारण ही गोष्ट मला फार आवडते. डेक्साच्या आधीच्या पिढीत एक्स-रेची ट्यूबच नव्हती. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये कॅमेरॉन आणि सोरेन्सन यांनी किरणोत्सारी आयोडीन-१२५ वापरून हाताचं हाड मोजलं. एकाच ऊर्जेचे किरण, त्यामुळे हाड किती आणि मांस किती हे वेगळं करता येईना. उपाय काय, तर हात पाण्याच्या पिशवीत गुंडाळायचा, म्हणजे जाडी सगळीकडे सारखी. हात ठीक आहे, पण कंबर पिशवीत कशी गुंडाळणार?

दोन अज्ञातं असली की दोन समीकरणं लागतात, हे शाळेतलं बीजगणित. म्हणून पुढे गॅडोलिनियम-१५३ आलं, ज्यातून ४४ आणि १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट अशा दोन ऊर्जांचे किरण निघतात. कमी ऊर्जेला हाड मांसापेक्षा कितीतरी जास्त शोषून घेतं, जास्त ऊर्जेला हा फरक कमी होतो. दोन समीकरणं, दोन उत्तरं, आणि पहिल्यांदा कंबर मोजता आली. पण गॅडोलिनियमचं अर्धायुष्य २४० दिवसांच्या आसपास. महिन्यागणिक स्रोत मंद होत जाणार, स्कॅन लांबत जाणार, आणि नवा स्रोत बसवला की आकडे उडी मारणार. म्हणजे चिंचगुळताईंची अडचण तेव्हा मशीन न बदलताही यायची!

१९८७ मध्ये होलॉजिकने ट्यूब आणली आणि व्होल्टेज झपाट्याने ७० आणि १४० किलोव्होल्टमध्ये खालीवर करून दोन ऊर्जा मिळवल्या. ल्युनारने व्होल्टेज स्थिर ठेवून सेरियमच्या गाळणीने एकाच झोताचे दोन भाग केले. एकाच प्रश्नाची ही दोन उत्तरं.

ठेंगणी_ठुसकी

माझी उंची ४ फूट १० इंच. दरवेळी आकडा कमी येतो आणि घाबरवलं जातं. उंचीचा काही संबंध असतो का?

अणुरेणू

असतो. डेक्सा समोरून सावली बघतो, खोली त्याला दिसत नाही. एकाच ढेपेतून गुळाचे दोन चौकोनी खडे कापा, एक १ सेंमीचा, दुसरा २ सेंमीचा. गूळ तोच, घट्टपणा तोच. पण समोरून दिसणाऱ्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरच्या मागे मोठ्या खड्यात दुप्पट गूळ आहे. डेक्सा मोठ्याला दुप्पट 'दाट' म्हणेल. तुमचे मणके लहान, म्हणून आकडा मुळातच जरा कमी. याचा अर्थ दुर्लक्ष करा असा नाही. डॉक्टरांना उंची लक्षात घ्यायला सांगा. सीटीवर केलेली मोजणी, म्हणजे क्यूसीटी, घन सेंटिमीटरमध्ये मोजते, तिला हा दोष नाही, पण किरणांची मात्रा डेक्सापेक्षा कितीतरी जास्त. डेक्साची मात्रा काही मायक्रोसिव्हर्ट, साधारण एखाद्या दिवसाच्या नैसर्गिक किरणांएवढी.

शमीची_पानं

कॅलगरीहून (कॅनडा). इथल्या विद्यापीठात एका अभ्यासात स्वयंसेवक म्हणून एचआर-पीक्यूसीटी, म्हणजे हातापायाच्या हाडांचा अतिबारीक सीटी, करून घेतलं होतं. त्यात मनगट आणि घोटा एवढंच मोजतात. मनगट साच्यात घट्ट बसवलं आणि ताकीद मिळाली, हलायचं नाही. दोन-तीन मिनिटंच, पण त्याच क्षणी नाकाला खाज सुटते. नंतर पडद्यावर हाडाची आतली जाळी दिसली, फणसाचा गरा काढल्यावर उरणाऱ्या चोथ्यासारखी.

तिथेही पिढ्यांचा हाच घोळ. पहिल्या पिढीच्या चित्रातला सगळ्यात लहान ठिपका ८२ मायक्रॉनचा, दुसऱ्या पिढीचा ६१. हाडातल्या काड्याच मुळी शंभर-दीडशे मायक्रॉनच्या. जुन्या मशीनला काडीची जाडी थेट दिसत नव्हती, घनता आणि काड्यांची संख्या यांवरून ती गणिताने काढायचे. नवं मशीन थेट मोजतं. त्यामुळे त्याच हाडाच्या काड्या नव्या मशीनवर तिपटीने जाड 'दिसतात'. घनता मात्र दोन्हींत छान जुळते. इथे त्याच माणसांना दोन्हींवर मोजून रूपांतराची समीकरणं काढली आहेत. माझं पहिलं मोजमाप जुन्यावरचं होतं, म्हणून दुसऱ्यांदा बोलावलं तेव्हा दोन्हींवर घेतलं. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "हाडं तपासतायत की मशीन?"

चिंचगुळ

@फिल्मवाला काका, हे घ्या. दोन्हीकडे एल१ ते एल४.
जुना: उणे ३.०, २.८, २.८, २.५.
नवा: उणे ३.२, ३.१, २.९, १.८.

फिल्मवाला

वाटलंच होतं. नव्यात चौथा मणका बघा. शेजारच्या तिसऱ्यापेक्षा १.१ ने वर. एकापेक्षा जास्त फरक असला की तो मणका बाजूला ठेवून उरलेल्यांचं गणित करायचं असतं. सत्तरीत चौथ्या मणक्याला झीज होते, कडेला हाडाचे काटे फुटतात, मशीनला ते सगळं खनिजच. चित्रात तिथे पांढरंफेक दिसत असेल. तो वगळला तर टी-स्कोअर उणे तीनच्या आसपास जाईल. म्हणजे वाढ नाहीच, थोडं कमीच झालं असावं. मशीन वेगळं असल्याने छातीठोक सांगत नाही, पण साडेतीन वर्षं अलेन्ड्रोनेट नीट घेतलं तर मणक्यात साधारण पाच ते आठ टक्के वाढ अपेक्षित असते आणि तिचा मागमूस दिसत नाही.

दोन गोष्टी तपासा. एक, चित्रात मणक्याच्या बाजूला गोल पांढरा ठिपका आहे का? न विरघळलेली कॅल्शियमची गोळी असते. मी आयुष्यात साडीच्या पिना, परकराचे हूक, कंबरेच्या किल्ल्या आणि एका आजोबांचा चांदीचा करदोटा हाडात मोजला जाताना पाहिलाय. आजोबांनी करदोटा काढायला साफ नकार दिला होता, शेवटी वर सरकवून बांधला.

दोन, आई गोळी घेतात कशी?

चिंचगुळ

ठिपका नाही. चौथा मणका खरंच पांढराफेक आहे, आणि मी त्याला 'मजबूत' समजत होते.

दुसऱ्या प्रश्नावर आईला आत्ता फोन लावला. संवाद जसाच्या तसा:

"सकाळी उठल्या उठल्या घेते, उपाशीपोटी. पाकिटावर लिहिलंय तसं."
"कशाबरोबर?"
"चहाबरोबर."
"कसल्या चहाबरोबर?"
"कसल्या म्हणजे? आपल्या. दुधाच्या. आणि ती पांढरी मोठी गोळीपण तेव्हाच घेते, एकदाच काय ते सगळं उरकून टाकते."

पांढरी मोठी म्हणजे कॅल्शियम.

फिल्मवाला

अरे देवा. ही गोळी साध्या पाण्याबरोबरसुद्धा जेमतेम एक टक्का अंगी लागते. दूध आणि कॅल्शियमबरोबर ती पोटातच बांधली जाते आणि तशीच बाहेर पडते. साधं पाणी, पेलाभर. नंतर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही आणि आडवंही व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका भाजते. कॅल्शियम जेवणानंतर. डॉक्टरांना हे सांगाच. नाहीतर ते 'गोळी लागू पडली नाही' असं समजून इंजेक्शनवर नेतील.

रविवारचा_पेपर

साडेतीन वर्षांत एकूण किती गोळ्या चहात गेल्या?

अणुरेणू

आठवड्याला एक, म्हणजे १८२.

चिंचगुळ

अपडेट. डॉक्टरांना भेटून आले. त्यांनी चौथा मणका वगळून रिपोर्ट पुन्हा मागवलाय आणि या वेळचा आकडा नवी सुरुवात धरायची म्हणाले. सोबत खुब्याचाही घ्यायला सांगितलाय, कारण तिथे झिजेची भानगड कमी. गोळी तीच ठेवली आहे. पुढचा डेक्सा याच मशीनवर, वर्षा-दीड वर्षाने. सेंटरला एलएससी विचारला. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, त्याचे वेगळे पैसे पडतील बहुतेक."

आज रविवार, गोळीचा वार. आई पेलाभर पाणी पिऊन खुर्चीत ताठ बसली आहे आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतेय. सोळा मिनिटं झाली. चहा टाकला का, हे तीनदा विचारून झालंय.